ब्लिंकरवर टाकलेला चौक

६ मार्च

परत तेच! बाजूच्या गल्लीला हिरवा, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि मुख्य रस्त्यावर आम्ही सगळे लाल दिव्याकडे डोळे लावून उभे. मागचा हॉर्नवर हॉर्न मारतोय — जणू मीच दिवा अडवून धरलाय! तसा धरलाय मीच म्हणा. सिग्नल आमच्या खात्याचा. वेळा मी बसवलेल्या, साहेबांनी लुडबुड करून त्यांचा विचका केला. घर चौकाच्या कोपऱ्यावरच, चौथ्या मजल्यावर. आपली गॅलरी समोर दिसतेय, वाळत घातलेला टॉवेल दिसतोय, पण घरी पोचता येत नाही!

ऑफिसात आज परत विषय काढला. म्हटलं, साहेब, हा सिग्नल महिनाभर ब्लिंकरवर टाकून बघू या. नुसता पिवळा लुकलुकत राहील, ज्याचा तो बघून जाईल. साहेब म्हणाले, "सिग्नल बंद दिसला की लोक म्हणतात, खातं झोपलंय." चौकात येऊन बघा म्हटलं तर वेळ नाही. यांच्या खोलीला धड खिडकीसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो!

अण्णा नेहमीप्रमाणे समोरच्या बाजूला, घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. आई गेल्यापासून हाच नेम. दुपारचा चहा झाला की काठी घ्यायची, चौक ओलांडायचा आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी बुद्धिबळाच्या पटावर भांडायचं. आज हरून आले. "लबाड आहे तो म्हातारा!" म्हणे. घड्याळजी यांच्यापेक्षा लहान आहेत.

९ मार्च

आज गंमतच झाली. सिग्नलची पेटी जळली. चारही बाजू काळ्याठिक्कर! त्यात शिट्टी रजेवर. (शिट्टी म्हणजे आमच्या चौकातला हवालदार. बोलतानासुद्धा तोंडातली शिट्टी काढत नाही, त्यामुळे त्याचं खरं नाव कोणाला नीट ऐकूच आलेलं नाही.) मला वाटलं, आता बघायला नको.

आणि गाड्या चालायला लागल्या! गॅलरीत चहा घेऊन उभी होते, तो तसाच गार झाला. जो तो जरा दबकत येतोय, इकडे बघतोय, तिकडे बघतोय, निघतोय. रांग नाही, हॉर्न नाही. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. साहेबांना फोन केला — या, बघायला या! तर म्हणतात, "दुरुस्तीला माणूस पाठवलाय." गाढवापुढे वाचली गीता!

अण्णा आज घरीच. ऊन फार आहे म्हणाले.

२० मार्च

परवानगी मिळाली!!! वरून कुणीतरी साहेबांना विचारलं म्हणे, खात्यात नवीन काय चाललंय. साहेबांकडे नवीन काही नव्हतं, माझा कागद होता. "यशस्वी झालं तर खात्याचं, फसलं तर तुमचं," म्हणाले. चालेल. कबूल.

उद्यापासून ब्लिंकर.

२३ मार्च

चाललंय! खरंच चाललंय. संध्याकाळी ऑफिसातून सुटले ती सरळ घराच्या दारात. शिट्टीने वाटेत गाठलं. "मॅडम, मला कामच ठेवलं नाही तुम्ही." रागावून म्हणाला का खूश होऊन, कळलं नाही. शिट्टी तोंडात होती.

रात्री जेवताना अण्णांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. साहेबांची नक्कलही केली. अण्णा खूप हसले. किती दिवसांनी!

२८ मार्च

बाहेर सगळं सुरळीत, घरात कोंडी. अण्णा दिवसभर घरी! "घड्याळजी मुलीकडे गेलाय," म्हणे. कधी येणार? "त्याचं काही सांगता येत नाही."

तोवर आमच्या घराची दुरुस्ती चालू आहे. काल नळाचं तोंड घट्ट केलं, आता तो नळ उघडत नाही. आज माझं कपाट 'नीट' लावलं. माझे मोजे आता कुठे असतात ते अण्णांना आणि देवाला माहीत. वर बसल्या बसल्या प्रश्न — भाजी अशीच चिरतेस? फोनवर इतकं मोठ्याने बोलतात? इतका उशीर का झाला? शेवटी मी ओरडले, "अण्णा, बाहेर जरा फिरून या ना!" उठून गॅलरीत जाऊन बसले.

वाईट वाटलं. पण माणसाने किती सहन करायचं?

४ एप्रिल

आकडेबाईंनी मोजणी आणून दिली. (आमच्या खात्यात चौकांवरच्या कॅमेऱ्यांतून मोजणी करतात त्या. त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी उत्तर टक्क्यांत येतं.) गाड्यांचा खोळंबा निम्म्याहून कमी. आणि वर म्हणाल्या, "एक विशेष सांगू? झेब्रावर थांबलेला माणूस आता जवळजवळ दिसतच नाही हो."

मी खुर्चीतून उठलेच! साहेबांची सगळ्यात मोठी शंका हीच होती ना — पायी चालणाऱ्यांचं काय? घ्या उत्तर! अहवालात वेगळी ओळ टाकली: 'पादचाऱ्यांना आता थांबावं लागत नाही.' खाली रेघ मारली.

साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली. दोनदा. आता सगळ्यांना सांगत सुटलेत, "आमची कल्पना." कालपर्यंत 'तुमचा हट्ट' होती!

९ एप्रिल

मनगटावरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून ऑफिसातून येताना गाडी पलीकडच्या बाजूला लावली. घड्याळजींचं दुकान बंद असणार, शेजाऱ्याकडे ठेवून यावं असा विचार. तर दुकान उघडं! घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले. "मुलीकडून कधी आलात?" विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिले. "मी कुठे जातोय? अण्णांचा गुडघा कसाय आता? फोनवर म्हणाले, पाऊल टाकवत नाही."

गुडघा! काल कपाटाच्या वरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते गृहस्थ!

पट मांडलेलाच होता. घड्याळजी म्हणाले, "डाव अर्धा राहिलाय. मी हलवला नाही."

घरी येऊन विचारलं. कोणाशी खोटं बोलताय, त्यांच्याशी की माझ्याशी? "दोघांशी," म्हणाले. का? भांडलात? किती वेळा विचारलं. शेवटी, "कंटाळा आला त्या खेळाचा." एवढंच. पालथ्या घड्यावर पाणी.

बुद्धिबळावरून अबोला! या वयात! ऑफिसात साहेबांचे रुसवेफुगवे काढा, घरी यांचे. कुठेकुठे पुरी पडू मी?

१३ एप्रिल

सही झाली. सिग्नल कायमचा रद्द. परवा सकाळी खांब कापायला माणसं येणार. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि लगेच 'आपल्या खात्याचं' म्हणून अर्धं परत घेतलं. घेऊ देत. जिंकले मी!

अण्णांना सांगितलं. "शाब्बास," म्हणाले. आणि गॅलरीत जाऊन खाली चौकाकडे बघत बसले.

१४ एप्रिल

आज सुट्टी. ठरवलं, म्हाताऱ्यांचं भांडण आज मिटवायचंच. अण्णांना शर्ट घालायला लावला, काठी हातात दिली, जवळजवळ ओढतच खाली नेलं. झेब्रापाशी उभे राहिलो. जरा फट मिळाली. "चला अण्णा." हलले नाहीत. परत फट. "चला ना!" एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला.

गॅलरीतून मी रोज बघते — गाड्या वेग कमी करतात. खालून पहिल्यांदाच बघितलं. कमी करतात, थांबत नाहीत! जो तो पुढच्याच्या मागे चिकटून निघतो. मी एकटी असते तर हात दाखवून सुळकन गेले असते.

शेजारी एक बाई बाळाची गाडी घेऊन आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गाडी वळवली आणि आल्या वाटेने परत गेली. थांबलीसुद्धा नाही नीट. मी बघतच राहिले. ही बाई आकडेबाईंच्या मोजणीत कुठे येते? थांबलेल्यांत नाही. ओलांडलेल्यांत नाही. कुठेच नाही! झेब्रावर कोणी थांबत नाही कारण कोणी येतच नाही. आणि मी त्याखाली रेघ मारली!

"अण्णा, घड्याळजींशी भांडण नाही ना?" विचारलं.

"त्याच्याशी रोजच भांडायचो की, त्यात काय!" म्हणाले. "लाल असला की यांना थांबावंच लागायचं गं. मी आपला हळूहळू पोचायचो. आता म्हणे एकमेकांच्या तोंडाकडे बघून जायचं. मला तोंडं दिसतात कुठे?"

"मग मला सांगितलं का नाही?"

रस्त्याकडेच बघत म्हणाले, "आई गेल्यापासून पहिल्यांदा जेवताना हसत होतीस. त्यात मी कशाला लाल दिवा होऊ?"

रडू आलं मला. तिथेच, फूटपाथवर, भर रस्त्यात. अण्णाच माझी समजूत घालत होते. कुठेही न जाता आम्ही वर आलो.

१५ एप्रिल

सकाळी चौकात गेले तर एक खांब कापून झाला होता. बाकीचे थांबवले. शिट्टीला गाड्या अडवायला लावल्या आणि अण्णांना पलीकडे पोचवलं. मग ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलावर लेखी ठेवलं — माझा अहवाल चुकीचा आहे, मागे घेते. साहेब उभेच राहिले. "आता वर काय तोंड दाखवू मी? काय दिवे लावलेत हे बाई!"

म्हटलं, "लावले नाहीत, साहेब. काढले. आता लावायचेत."