किल्लेदाराची मिशी

मु. संग्रामपूर

चिरंजीव प्रज्वलले शेषरावकाकाचा सप्रेम जयभीम.

तुही तब्येत कशी हाये? मुंबईत रात्रंदिवस कम्प्युटरपुढं बसून डोळे शाबूत राह्यले असतील तर हे पत्र पुढं वाच. इकडं आम्ही सारे खुशाल आहोत. (हे रिवाज म्हणून लिहिलं. मी खुशाल नाही. माह्या अंगाचा नुसता भडका उडून राह्यला.)

तुह्या कंपनीवाले ती राजाची अन् वाघाची मालिका घेऊन आपल्या शिवारात शूटिंगले आले, तव्हा तूच फोनवर म्हणाला होता की काका, किल्लेदार तुम्हीच व्हा, तुमच्या मिशीले तोड नाही. बाजारात शेषराव म्हटलं तर चार निघतात, मिशीवाले म्हटलं की मी एकटाच. लग्नात सासरा म्हणे थोडी कातरा, तरी म्या कातरली नव्हती. अन् तुह्या त्या पोरसवदा डायरेक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मिशी काढा. म्या विचारलं, "काऊन बे?" तर म्हणे, "अंकल, हिरोपेक्षा मोठी दिसते. आम्ही नंतर व्हीएफएक्समध्ये, म्हणजे कम्प्युटरवर, मापात लावू." तुह्या भरवशावर म्या तोंड पुढं केलं. (न्हाव्यानं वस्तरा लावायच्या आधी मिशीले हात जोडले.) वरून ताकीद, की भाग टीव्हीवर लागेपर्यंत वाढवू नका, पुन्हा बोलावू शकतो.

मंग माह्या रिकाम्या वावरात हिरवा पडदा ताणला. शेजारच्या मनकर्णाबाईच्या बकऱ्या चारा समजून त्याचा कोपरा खाऊन गेल्या, तर तिचंही बोलणं मलेच. किल्ला कुठं हाये म्हटलं, तर मागून येईल. वाघ कुठं हाये म्हटलं, तर काठीले बांधलेला पिवळा चेंडू दाखवला, म्हणे याले पाहून भ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म काढलेला माणूस मी, चेंडूले भेऊन दिवसभर बोंबललो. तरी संध्याकाळी तक्रारीचा शब्द काढला नाही. (घसाच बसला होता.)

परवा तो भाग लागला. तुह्या धम्मशीलाकाकूनं अख्खी गल्ली टीव्हीपुढं बसवली, चहा केला. किल्ला आला, झकास. वाघ आला, त्याच्या मिशीचा एकेक केस हलून राह्यला होता. मंग मी आलो. म्या मान वळवली, अन् मिशी वळलीच नाही! मी इकडं, मिशी तिकडं, वाघाकडं पाहून राह्यली. मंग धावत आली अन् नाकावर बसली. गल्लीले हसू आवरेना. माह्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. काल बाजारात पोट्टे विचारत होते, "काका, आज एकटेच? मिशी मागून येते काय?"

आज कंपनीत फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणे, वाघ आमच्या प्रज्वलसरांनी केला, मिशी बाहेरच्या कंपनीले दिली होती, त्यांच्याकडं वेळ कमी होता. तळपायाची आग मस्तकात गेली! घरचा पोट्टा वाघाच्या मिशा विंचरत बसला अन् चुलत्याची मिशी परक्याच्या हवाली? जनावराले वेळ हाये अन् माणसाले नाही? आजपासून तुहा-माहा संबंध संपला. तुह्या कंपनीचं तोंड पाहणार नाही, अन् वावरात तर त्यांचा पायही पडू देणार नाही.

तुहा (फक्त नात्यानं) काका,
शेषराव

ता. क. तुही काकू म्हणते, वाघ लय देखणा झाला. मी काही नाही म्हणत नाही.

आणखी ता. क. मालिकेचा दुसरा सीझन येऊन राह्यला अन् त्यात वाघ किल्लेदाराले खातो, असं गावात उठलं हाये. खरं काय बापू? वाघ तुह्याच हातात हाये. खाऊ देऊ नको. अगदीच नाइलाज झाला तर एखादा पाय जखमी कर, मी लंगडत काम करीन. मिशी कालपासून वाढवायले घेतली हाये. तुह्या साहेबाले नको असंन तर उद्याच काढतो.