ओल्या कागदावरचं स्वयंपाकघर

३ फेब्रुवारी, मंगळवार
अखेर स्वतःची खोली! दोन खिडक्या, एक गॅस, एक गादी. दातांच्या दवाखान्यातलं नोंदणीचं काम दुपारी दोनला सुरू होतं, म्हणजे सकाळ सगळी माझी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सकाळ माझी कधी नव्हती. लेकीने फोनवर बजावलं होतं, की नुसती भिंतीकडे बघत बसू नकोस, काहीतरी शीक. म्हणून आज वाचनालयाच्या माडीवर जलरंगांच्या वर्गाला जाऊन आले. आम्ही सहाजणी, सगळ्या हौशी. सर निवृत्त चित्रकला शिक्षक, आवाज अगदी लोण्यासारखा. त्यांच्याकडे झाड काढायचं नाही, डोंगर काढायचा नाही. कागद ओला करायचा, एखादी जागा आठवायची आणि रंग सोडून द्यायचा. माझं पहिलं निसर्गचित्र म्हणजे निव्वळ सांडलेला चहा. पोट दुखेपर्यंत हसले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सर म्हणाले, ज्या जागेने सगळ्यात जास्त छळलं ती आठवा. मला शोधावी लागली नाही. आमचं स्वयंपाकघर. ओट्याचा काळा, यांच्या शर्टाचा निळा, आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून यांनी इस्त्री माझ्या मनगटावर टेकवली, तेव्हाचा लाल. रंग एकमेकांत असे विरघळले, की पाण्यापलीकडे ऊन उतरतंय असं वाटावं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, किती शांत वाटतं बघून! माझ्या आयुष्याचं वाटोळं इतकं देखणं दिसतं, याचा मला रागच आला. सरांनी ते भिंतीवर लावलं. घरी येऊन गाढ झोपले.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज जिना रंगवला. वर हे, मध्ये नऊ पायऱ्या, खाली मी. निघताना भिंतीवरच्या एका चित्रापुढे थबकले. काळा, निळा, थोडा लाल. फार सुंदर. कुणाचं, म्हणून विचारलं तर सगळ्या हसल्या. तुमचंच की, म्हणाल्या. मीही हसले.
शिवणकामवाल्या बाईंना न्यायला खाली एकजण येतो. आपण कोण, असं त्या त्याला दरवेळी विचारतात. तो म्हणतो, नवरा. त्या निमूट गाडीत बसतात. वय झालं म्हणावं, तर बाई जेमतेम चाळिशीच्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्गाला गेले नाही. काल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मनगटावर हा डाग कसला. मला सांगताच येईना. आज ही वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझंच. इस्त्री, जिना, सगळं वाचलं, समजलं, आठवलं मात्र काहीच नाही. परक्या बाईचं गाऱ्हाणं वाचावं तसं वाटलं. विसरायचंच तर होतं, मग बाही ओढून तो डाग का झाकतेय मी?
लेकीला फोन केला. तिला सगळं वाचून दाखवलं. ती रडत म्हणाली, आई, तिथे पुन्हा पाऊल टाकू नकोस.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
गेले. चित्रं परत आणून फाडायची होती. सर समजुतीने म्हणाले, विरघळलेला रंग परत वडीत जात नाही, बाई. बसा जरा. बसले एवढं खरं. कुंचला हातात कधी आला ते — समोर कागद भरलेला. फिकट पिवळा, राखाडी. सर म्हणाले, छान, घर सोडून आलात ती सकाळ उतरली.
कुठलं घर?
खिडकीतून पाहिलं. खालच्या बाकावर निळ्या शर्टातला एक माणूस. सर जाऊन त्याच्याशेजारी बसले. त्याच्या खांद्यावर थोपटलं. माझ्या खिडकीकडे बोट —

१८ फेब्रुवारी
लेक गाडीत बसली. उद्या संध्याकाळी पोचेल. तोवर दार उघडू नकोस म्हणाली. फोनवर एकेक शब्द सांगून लिहून घेतलं:
तुझा नवरा तुला शोधतोय. तो मारतो.
तो मारतो.

१९ फेब्रुवारी, सकाळ
दार वाजलं. फटीतून पाहिलं. निळा शर्ट. चेहरा दमलेला, चांगल्या घरचा. मला लाडाच्या नावाने हाक मारली. माणसाला असं बाहेर ताटकळत ठेवणं बरं दिसेना —

आत आहे. कालचं पान मीच दाखवलं. हे तुमच्याबद्दल का, म्हणून विचारलं. वाचून हसला. म्हणाला, तुला काहीबाही लिहायची सवयच. आता माझे कपडे पिशवीत भरतोय. घड्या नीट घालतो. वाईट माणूस घड्या अशा —

सांगितलं, संध्याकाळी लेक येतेय, तेवढं थांबू या. हसू गेलं. उठून दाराला कडी घातली. आतून.

मी ओट्यापाशी लिहितेय. वही दे म्हणतो. आधी गोडीने. आता नाव घेत नाही, नुसतं ए म्हण—