आतून कमी होणारी भिंत

आप्पा, आज आपल्या गावच्या भवानी पेठेत एका नव्या विटांच्या घराची वास्तुशांत झाली आणि त्या घराचा प्लॅन मी काढलाय. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली.

घर विणकरांचं. दोघे भाऊ, घरात तेलुगू बोलतात. खाली माग हवेत, वर राहायला जागा. धाकट्याला मासिकातल्या चित्रासारखा बंगला पाहिजे होता, चारी बाजूंनी मोकळा. जागा बघाल तर बोळातली, चौदा फूट रुंद. मी म्हटलं, बंगला कशाला? मागच्याच गल्लीत पणज्याच्या काळातली विटांची घरं हायेत की, अरुंद, दुमजली, मधल्या चौकातून मागावर उजेड पडणारी. तीच मोजतो, त्यात नळ, मोरी आणि मोठ्या खिडक्या बसवतो. थोरला भाऊ म्हणाला, "कागदावर दाखवा. पास झाला तर काम तुमचं, न्हाय तर पुण्याचा माणूस ठरलेला हाय."

माझं पहिलंच काम, आप्पा. टेप घेऊन मागच्या गल्लीतलं एक जुनं घर पालथं घातलं. खालची खोली रुंदीला भरली अकरा फूट आणि वरची अकरा फूट नऊ इंच. तीनदा मोजली, तेवढीच. मला वाटलं, जुन्या गवंड्यांचा हात चुकला. मी त्यांची चूक सुधारली! खालपासून वरपर्यंत एकाच जाडीची सडपातळ भिंत काढली, बांधकामाच्या शाळेत शिकवली तशी, लई देखणी. नगरपालिकेच्या ओव्हरसीरसाहेबांनी लाल पेन्सिल फिरवून कागद परत दिला. चारचौघांत म्हणाले, "भिंत झकास आहे. तुळया काय हवेवर ठेवणार?" थोरल्यानं आठ दिवसांची मुदत दिली.

मी पुन्हा त्या जुन्या घरात गेलो. खालच्या खोलीत उभा राहून छताकडं बघत होतो, जिथं तुळईचं टोक भिंतीवर टेकतं तिथं. आणि तुम्हीच दिसलात. तुम्ही परांचीवर आहात, गुडघ्यापर्यंत चुना. मी शाळेतून आलोय, तुम्ही माझ्या हातात ओळंबा दिलाय आणि मी विचारतोय, वरची भिंत बारीक का. तुम्ही वीट ठेवता ठेवता सांगताय, "भिंत वर जाताना आतून कमी करायची, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत अर्धी अर्धी वीट. राहिलेल्या पायरीवर तुळई निवांत बसती. बाहेरून कमी केलीस तर तिथं पाऊस बसंल." मी ऐकण्यात दंग, ओळंबा हलतोय, आणि तुम्ही खेकसता, "कान दे, पण हात सोडू नको."

दोन्हीकडची अर्धी अर्धी वीट, साडेचार आणि साडेचार, म्हणजे माझे नऊ इंच! मी तिथंच जमिनीवर कागद पसरला.

प्लॅन पास झाला. एकही लोखंडी गर्डर न घेता घर उभं राहिलं, वरच्या चौकटी अजून तेलाच्या वासाच्या. आज थोरल्याची बायको वरच्या खोलीत पावलं टाकून बघत होती, म्हणाली, जागा तेवढीच आणि वर खोली मोठी, जादू हाय काय. शेजारचे दोघं मला बोळातच गाठून आपापली जागा दाखवायला घेऊन गेले. धाकटा पाव्हण्यांना सांगत फिरत होता की ही कल्पना मुळात त्याचीच. बोलू दे.

जेवणं झाल्यावर ओव्हरसीरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. भिंतीची ही रीत कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडली म्हणून विचारलं, त्यांना ते मागवायचं होतं. मी म्हटलं, "पुस्तक नाही साहेब. माझे वडील गवंडी होते." ते भिंतीवर हात फिरवत राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं, आप्पा. माझ्याच वहीत राहील. पण एक सांगतो. ‘माझे वडील गवंडी होते’ हे वाक्य मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. बांधकामाच्या शाळेत सगळी वर्षं मी पोरांपुढं तुम्हाला कंत्राटदार करून ठेवलं होतं.