डॉक्टरांनी हात लावू नये

ता. २

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही सर्व, म्हणजे मी आणि माझे दोन गुडघे, बरे आहोत. तुझा पेनड्राइव्ह पोचला. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि नंतर तसं बोललोच नाही म्हणतोस. मला लेखी हवं.

इमारतीच्या वाचनालयाचा प्रोग्राम तिथल्याच, सगळे वापरतात त्या जुनाट कॉम्प्युटरवर बांधावा लागेल, तिकडून तयार पाठवता येणार नाही, असं तू कळवलंस. बांधायला बसले. नवं फोल्डर केलं, त्याला ‘वाचनालय नवी यादी डॉक्टरांनी हात लावू नये’ असं स्वच्छ नाव दिलं, तुझं सामान आत टाकलं आणि सांगितलेलं बटण दाबलं. तर हा म्हणतो, ‘नवी’ सापडत नाही. ‘यादी’ सापडत नाही. ‘डॉक्टरांनी’ सापडत नाही. ‘हात’ सापडत नाही. मी समोर बसून अख्खं फोल्डर बघतेय आणि हा त्याचे तुकडे दारोदार शोधत फिरतोय.

डॉक्टर म्हणजे आमचे नवे सेक्रेटरी, निवृत्त दंतवैद्य. वाचनालयाची खोली रिकामी करून तिथं टेबल टेनिस मांडायचं त्यांनी मनावर घेतलंय. वीस तारखेला सभा आहे. वाचनालय बंद पडल्यातच जमा आहे, कुठलं पुस्तक कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं, असा त्यांचा मुद्दा. मला माहीत असतं, ते धरत नाहीत. तेव्हा वीसच्या आत यादी चालती हवी, नाहीतर नऊ वर्षं जपलेली पुस्तकं खोक्यांत आणि खोकी माळ्यावर.

सूनबाईला आशीर्वाद. माया आहेच, ती टिकवायची तर उत्तर लवकर धाड.
तुझी आत्या

ता. ५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्र वाचून ऑफिसात मोठ्यांदा हसलो. साहेबांनी काय झालं विचारलं, तर खोकल्याचं निमित्त केलं.

आत्या, तुझ्या फोल्डरच्या नावात मोकळ्या जागा आहेत. जागा आली की माझ्या प्रोग्रामला वाटतं नाव संपलं, पुढचा शब्द म्हणजे दुसरंच कुणीतरी. तू एक पाहुणा पाठवलास, त्यानं सात जणांची पानं मांडली. सगळे शब्द जोडून टाक, मध्ये हवी तर आडवी रेघ दे, काम होईल.

एक गोष्ट मात्र खटकली. ‘नवी’ सापडत नाही म्हणाला, ‘यादी’ सापडत नाही म्हणाला, पण पहिल्या ‘वाचनालय’बद्दल चकार शब्द काढला नाही. तिथं त्याच नावाचं आणखी एखादं फोल्डर आहे का? ते आधी बघ आणि तोवर बटण दाबू नकोस.

राग धरू नकोस, धरलास तर पत्रातून काढ.
तुझा गुंड्या

ता. ८

चि. गुंड्यास,
आशीर्वाद, पण आज थोडे कमीच.

शब्द जोडणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये टायपिंगच्या सिस्टर पट्टी घेऊन मागं उभ्या राहायच्या. शब्द संपला की अंगठा टाइपरायटरच्या आडव्या पट्टीवर पडलाच पाहिजे, नाहीतर पट्टी बोटांवर. पुढं एकतीस वर्षं मी पोरींना तेच शिकवलं. आता या वयात एका यंत्राला कळत नाही म्हणून मी अंगठा बांधून घेऊ? आणि रेघ कसली, तीन पायांच्या शर्यतीत बांधतात तशी?

आता तुझा प्रश्न. होय, दुसरं ‘वाचनालय’ होतं. डॉक्टरांचं. त्यात टेबल टेनिसची सगळी योजना होती: नकाशा, पत्रं, सभेत करायचं भाषण. होतं म्हणते, कारण आता नाही. आज सकाळी ते कॉम्प्युटरपुढं बसले होते. उभ्या आयुष्यात बत्तिशी गेलेली इतकी तोंडं बघितली असतील, पण अशा नजरेनं एकाकडेही बघितलं नसेल. मला विचारलं, कुणी हात लावला होता का. मी म्हटलं, चौकशी करते. करतेय. सांग.
आत्या

ता. ११

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. चूक माझी. प्रोग्राम नव्यानं बांधण्याआधी जुनं बांधकाम पुसून टाकतो. पुसायचं होतं तुझ्या फोल्डरातलं. पहिल्या शब्दाला नाव संपलं असं समजून त्यानं डॉक्टरांचं फोल्डर पुसलं. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालायला हवं होतं, ते मी विसरलो. पुसलेलं परत येणार नाही.

दुरुस्त केलेला सोबत पाठवतोय. आता तू नावात अख्खी वंशावळ लिहिलीस तरी चालेल. बाकी गप्प बसलीस तर सभा खिशात, हे मी म्हणालो नाही. सूनबाई म्हणाली.
कृपा राहू द्यावी.
गुंड्या

ता. २१

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद. सूनबाईच्या तोंडात वाक्यं घालू नकोस, ती शहाणी आहे.

गप्प बसून जिंकायला मी काय पाकीटमार आहे? पत्र वाचलं त्याच दुपारी डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, चूक भाच्याची, बोट माझं. तुम्ही सांगा, मी सगळं परत टाइप करून देते. ते इतके गोंधळले की त्यांनी मला खुर्ची दिली.

तीन दुपारी ते सांगत होते, मी टाइप करत होते. पण अर्थ लागल्याशिवाय मी टाइप करत नाही, ही जुनी खोड. टेबल खोलीच्या मध्ये असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, खेळाडू मागं सरकणार तो भिंतीत का? त्यांनी टेप आणली, मापं घेतली, पुन्हा घेतली. दार आतल्या बाजूला उघडतं, तर चेंडू आणायला जाणाऱ्याच्या कपाळाचं काय, हेही विचारलं. ते कपाळ चोळत म्हणाले, ते वाक्य खोडा. तिसऱ्या दुपारी त्यांनीच सांगितलं की टेबल तळमजल्याच्या हॉलमध्ये बरं. मी मान खाली घालून टाइप केलं.

काल सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं. एकमतानं मंजूर. टाळ्या झाल्या, डॉक्टरांनी वाकून त्या घेतल्या आणि सगळी सभा टेबलाची जागा बघायला खाली गेली. तुझा प्रोग्राम बघायला एक माणूस थांबला नाही. मेले.

मग मी एकटीच बसले आणि चालवला. दोन हजार एकशे चौदा पुस्तकं, मागावं ते क्षणात कपाट नंबरासकट. एक मात्र, मीच जुन्या नोंदवहीतून उतरवलेलं, तिसऱ्या कपाटात दाखवत होता. उठून बघितलं, तिथंच होतं. मी इतकी वर्षं पाचव्यात समजत होते. हे कुणाला सांगू नकोस. दिवे बंद केले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दोघं तब्येतीला जपा आणि म्हातारीवरचा जीव पातळ होऊ देऊ नका.
तुझी आत्या