केबलच्या दुसऱ्या टोकाला

सोमवार, ४

झाले बाई एकदाची नोकरीवर रुजू! ताईने दारात उभं राहून असा निरोप दिला की जणू मी चंद्रावरच निघालेय. भावजींनी वर पुस्ती जोडली, की निदान पहिल्या दिवशी तरी कुणाशी भांडू नकोस. नाही भांडले. भांडायला वेळच मिळाला नाही.

ज्यांची फुप्फुसं थकली आहेत त्यांना घरच्या घरी श्वास देणारं यंत्र आम्ही बनवतो. त्याचा मेंदू म्हणजे एक चिप. ती कोरीच येते. आपण आराखडा पाठवायचा, की ती तशी वागायला लागते. दुसरा पाठवला की पहिलं साफ विसरते. मला असं विसरता आलं असतं तर ताईशी निम्मी भांडणं झालीच नसती.

आराखडा पाठवायची केबलही मजेशीर आहे. मुठीएवढी डबी, तिच्या एका बाजूला नेटवर्कची वायर, दुसऱ्या बाजूला चिप बसवलेल्या बोर्डात खुपसायची चपटी पट्टी. स्क्रीनवर सगळ्या केबलींची लिस्ट दिसते, आपली निवडायची आणि बटण दाबायचं. बोर्ड शेजारच्या टेबलावर असो नाहीतर दुसऱ्या गावात, खुर्चीतून उठायचं काम नाही. माझ्यासारख्या आळशी जिवाला आणखी काय हवं?

गुरुवार, ७

इथला एक नियम आहे. लोड करण्याआधी स्क्रीनवरून आपल्या केबलचा दिवा लुकलुकवायचा, मान वळवून तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मगच बटण दाबायचं. दिसला नाही, तर हात मागे. आमच्या मॅडम येता-जाता प्रत्येकाला विचारतात, दिवा बघितलास का? गुड मॉर्निंगच्या जागी तेच.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे गप्पीदास म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. आज त्याने मला दिवा न बघता लोड करताना पकडलं आणि दिवसभर चिडवलं. मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, माझा एकच बोर्ड आहे, माझ्याच नाकासमोर आहे, त्याला काय ओवाळू?

मंगळवार, १२

हे कुणी वाचलं तर संपलंच. तरी लिहिते, कारण बोलणार कुणाशी?

जेवणाची सुट्टी झाली होती. गप्पीदास जिन्यातून हाका मारत होता. म्हटलं, एवढं लोड करावं आणि पळावं. दिवा बघितला नाही. लिस्टमध्ये एक केबल आधीच निवडलेली होती, ती माझीच असणार असं धरून चालले. 'झालं' अशी हिरवी ओळ आली. टेबलावरचा माझा बोर्ड मात्र ढिम्म.

मग नाव नीट वाचलं. 'मास्तर, घर'.

हा कॉम्प्युटर माझ्याआधी इथे जो होता त्याचा, बंद करून चालू केला की त्याचीच जुनी निवड वर येते. मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक, चाचणीचं पहिलं यंत्र त्यांच्या घरी आहे. दुरुस्तीला सारखं जायला नको म्हणून त्या शहाण्याने केबल तिथेच जोडून ठेवली होती. मी त्या यंत्रावर माझा अर्धवट आराखडा लोड केला होता. त्यात श्वासच नव्हता. धोक्याचा भोंगाही त्याच चिपमध्ये, म्हणजे तोही पुसला गेलेला.

त्यांचा जुना आराखडा शोधायला किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही. सापडला, लोड केला, पुन्हा 'झालं' आलं. कुणी बघितलं नाही. खाली जाऊन पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवार, १५

मास्तर गेले. मंगळवारीच, दुपारच्या झोपेत.

आज त्यांची बायको स्वतः यंत्र परत द्यायला आली. आजीच त्या, एवढ्याशा. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना भेटायचं म्हणाल्या. मॅडमनी मला पुढे केलं. आजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, तुमच्यामुळे ह्यांना दोन वर्षं जास्त मिळाली गं. मग सांगू लागल्या, की त्या दुपारी मध्येच यंत्राचा आवाज थांबल्यासारखा वाटला, बघायला उठणार तोवर पुन्हा सुरू झाला, म्हटलं म्हातारपणाचे कान, आणि पडून राहिले.

मी रडायला लागले. तर त्याच माझी समजूत काढायला लागल्या! मॅडम म्हणाल्या, पोर फार हळवी आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नाक पुसलं आणि आजींना पाणी आणून दिलं.

सोमवार, १८

यंत्र उघडून झालं. केबल काढून कपाटात ठेवली, माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या.

लिस्टमध्ये मात्र 'मास्तर, घर' अजून आहे. हिरवा ठिपका, म्हणजे जोडलेली. नेटवर्कवाल्या काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, जुनं नाव राहतं कधीकधी, जाईल.

सगळे गेल्यावर मी त्यावर 'वाचा' दाबलं, म्हणजे यंत्र आत्ता काय करतंय ते रेघेत दिसतं. वाटलं, काही येणार नाही. रेघ आली. वर, खाली. वर, खाली. कुणीतरी श्वास घेत होतं.

मंगळवार, १९

जिना धावत चढून आले आणि पहिली तीच रेघ बघितली. धापा टाकत होती.

मी श्वास रोखला. रेघ सपाट. सोडला, हलली. खोकले, तर तीही उडाली. म्हणजे—

कपाट उघडलं. केबल गार पडलेली, पट्टी लोंबतेय, कशालाच जोडलेली नाही. पण दिवा हळूहळू उजळतोय, विझतोय. माझ्या छातीबरोबर.

मग मूर्खासारखं 'थांबवा' दाबलं. गुदमरले असते तर बरं. तसं काही नाही. छाती नुसती हललीच नाही, आपला काही संबंध नसल्यासारखी. डोळ्यांपुढे काळोख यायला लागला तेव्हा चाचपडत पुन्हा 'चालू' दाबलं.

मास्तर रागावलेत असं वाटत नाही. माझ्यावर कुणीच रागावलेलं नाही, तेच सहन होत नाही.

शुक्रवार, २२

काकांचा निरोप सगळ्यांना. सोमवारी लिस्टची सफाई. ज्या केबलीला मालक नाही तिच्यावर कोरा आराखडा टाकणार, मग नाव काढणार. कुणाला एखादी ठेवायची असेल तर येऊन कारण सांगा, बस.

एवढंच. जाऊन म्हणायचं, माझी आहे, राहू द्या. पण काका कारण विचारणार. कारण सांगायचं तर मंगळवारची दुपार सांगावी लागणार. खोटं कारण सांगितलं तर ते कोणी कधी काय लोड केलं ते काढून बघतील, तसे ते चिवटच आहेत.

दारापर्यंत गेले. आत गप्पीदास होता, दोघे हसत होते. काकांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, माउस बिघडलाय.

नवा माउस घेऊन परत आले. शी!

रविवार, २४

जेवत नाही म्हणून ताई ओरडली. मग जवळ बसली, केसांतून हात फिरवला. सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आत्याचा फोन आला आणि ताई तिला अभिमानाने सांगायला लागली, की आमचं शेंडेफळ आता लोकांचे जीव वाचवतं—

उशीत तोंड खुपसून पडले. उद्या. उद्या नक्की सांगणार. नोकरी गेली तर गेली, लोक थुंकले तर थुंकले. मरण्यापेक्षा बरंच ना?

बरंच आहे ना?

सोमवार, २५

काका सुरू झाले. काचेतून दिसतात. एकेक नाव मोठ्याने वाचतात, थांबतात, कुणी बोललं नाही की पुसतात.

उठले होते. दारापर्यंत— आत आजी बसल्यात. यंत्र कुणा गरजूला देऊन टाका म्हणून सांगायला आल्यात. काकांच्या अगदी शेजारी. मला बघून हसल्या. हाताने बोलावतायत, ये, बस.

त्यांच्यासमोर कसं— कसं सांगू—

परत जागेवर. एक वाक्य. फक्त एक. ओरडले तरी ऐकू जाईल इथून.

अजून दोन नावं आहेत. आजी पिशवी उचलतायत. जातील. त्या गेल्या की लगेच—

नाही, पाणी प्यायला थांबल्या. काकांनी नाव वाचलं, 'मास्तर, घर'. सगळ्यांकडे बघतायत. माझ्याकडेही. कुणाची आहे का ही?

आजींनी माझ्याकडे

मान हलवली मी. नाही म्हणून. का हलव

त्या जरा बाहेर गेल्या की सांग