जावई क्लबात काय करतात

मुरबाड,
रविवार, १६ फेब्रुवारी २००३

ती. शालनआत्यास,
तुझ्या रत्नाचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी खाली बसू नको सांगितलंय आणि तू चुलीपुढे पाटावर बसूनच भाकऱ्या थापतेस, हे मला इथूनही दिसतं. शेजारच्या प्रेमाकाकू बऱ्या असतील. त्यांच्या प्रकृतीची चौकशी मी मुद्दाम करते आहे, कारण पुढे त्यांचं काम पडणार आहे. इकडे सगळे खुशाल. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, खोकला थांबला, पण आता झोप लागत नाही म्हणतात. एवढी वर्षं खोकला सोबतीला होता, त्यामुळे एकटं वाटत असेल.

परवा फोनवर तू एकच विचारलंस, "काय गो, बोलला का नाय तो?" बूथवर माझ्यामागे चार माणसं कान देऊन उभी होती, म्हणून सविस्तर लिहिते म्हणाले. तुला अर्धं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते (कॉलेजात प्रस्तावना नसली की मार्क कापत, ती सवय जात नाही).

यांच्या क्लबाच्या वार्षिक समारंभात सोडत होती. चिठ्ठ्या मेंबर लोकांच्याच असायच्या, पण डबा रिकामा दिसत होता म्हणून मॅनेजरने कामगारांचीही नावं आत टाकली आणि पहिलं बक्षीस निघालं यांच्या नावाने. नवरा-बायकोने एका बेटावर पाच दिवस राहायचं, जेवायचं आणि गोल्फ खेळायचा. मॅनेजर म्हणाला, "प्रशांत, तू तिकडे जाऊन काय करणार? त्यापेक्षा मिक्सर घे." हे तयारही झाले होते (आमच्याकडे वीज किती असते ते तू बघितलं आहेस, तो मिक्सर फडताळातच शोभला असता). तूच आटगावहून निरोप धाडलास की मिक्सर नको, दोघं एका खोलीत चार दिवस राहा आणि शाळेचं काय ते बोलून या.

शाळेचं म्हणजे माझ्या नेमणुकीचं. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरची शाळा, आपल्या घरातली पहिली नोकरी. रोज इथून जाण्यासारखं नाही, तिथंच खोली घेऊन राहावं लागणार. सोमवारी हजर व्हायची शेवटची मुदत. आदेश आला त्या दिवशी मी यांना सगळं नीट समजावून सांगितलं. स्त्रीशिक्षण, पाड्यावरची मुलं, समाजाचं ऋण, आपल्यावरची जबाबदारी. हे शेवटी "बरं" म्हणाले आणि क्लबातल्या गवत कापायच्या मशीनला तेल घालायला गेले. आत्या, "बरं" म्हणजे जा की जाऊ नको? महिनाभर आमच्या घरात हा एकच शब्द हिंडत होता.

तर आम्ही गेलो. विमानाचं काही सांगत नाही, मी डोळे मिटून घेतले होते. पुढे बोट. सगळे प्रवासी निळं पाणी बघत होते आणि हे किनाऱ्यावरचं गवत. म्हणाले, "पाणी जास्त मारतात." पाच दिवसांच्या सहलीतलं पहिल्या दिवसाचं आमचं संभाषण एवढंच.

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. कुणीतरी एवढ्या मायेने घडी घातलेली, आम्हाला तो मोडवेना. पाचही दिवस आम्ही माझ्या जुन्या साडीच्या तुकड्याने अंग पुसलं आणि हंस रात्री खुर्चीवर, दिवसा पलंगावर असा फिरवला. सकाळी उठून मी अंथरूण आवरायची, मग खोलीवाला येऊन ते विसकटायचा आणि पुन्हा घालायचा. त्याची नोकरी, माझी सवय. तू बांधून दिलेली सुकटीची चटणी मी तिसऱ्या दिवशी उघडली. त्या वासाने खोलीवाल्याने खिडक्या उघडल्या, मग हळूच विचारलं, थोडी मिळेल का. तोही कुठल्यातरी किनाऱ्यावरचाच निघाला.

जेवणाच्या वेळी मात्र मला स्वस्थ बसवायचं नाही. आपल्याकडे शेतात सावडीला कुणी राबायला आलं तर आपणही त्यांच्या शेतावर राबायला जातो. इथं ही माणसं पाच दिवस आपल्यासाठी राबणार आणि आपण त्यांच्या दारात कधी जाणार नाही, हे मला पटेना. दुसऱ्या रात्री मी आमची ताटं उचलायला लागले तसा वेटर हात जोडून म्हणाला, "मॅडम, माझी नोकरी जाईल." मी त्याला जवळ बोलावून श्रमप्रतिष्ठेवर थोडं सांगितलं. कुठलंही काम हलकं नसतं, आपण काय करतो हे मान वर करून सांगावं, वगैरे. (थोडं म्हणजे हे पुन्हा भात घेऊन आले तोवर.) तो बिचारा दुसऱ्या टेबलांकडे बघत होता.

त्याच टेबलांपैकी एकावरच्या बाई माझं ऐकत होत्या. जळगावकडच्या बेंडाळेबाई, गोऱ्या, टोपीवाल्या. उठून आल्या, छान बोलता म्हणाल्या, आणि विचारलं, "मिस्टर काय करतात?"

आता आत्या, वेटर अजून तिथंच उभा होता. माझं श्रमप्रतिष्ठेचं शेवटचं वाक्य हवेतच होतं. आणि मी म्हणाले, "मुरबाडला गोल्फ क्लब आहे ना, तिथले आहेत." बाई म्हणाल्या, "म्हणजे खेळाडू?" मी हो म्हणाले नाही. मी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बेंडाळेसाहेब दारात. पांढरी पँट, हातमोजा, पाठीवर काठ्यांची पिशवी. यांना म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाबरोबर एक डाव खेळायला मिळाला तर नशीब. यांनी माझ्याकडे बघितलं. मी हंसाकडे बघितलं. हे नवे बूट घालून निघाले आणि मागून आम्ही दोघी.

खेळ साधा आहे. लांब एक भोक असतं, त्यात झेंडा रोवलेला, काठीने चेंडू मारत तिथवर न्यायचा. पण मारताना काठी जमिनीला लागली की गवताचं ढेकूळ मातीसकट उडतं. हे क्लबात सहा वर्षं तीच भगदाडं बुजवत आले आहेत. आता स्वतःच्या हाताने गवत उडवायचं यांच्याच्याने होईना. काठी उगारायचे आणि चेंडूच्या वीतभर वरून न्यायचे. एकदा, दोनदा, चारदा. बेंडाळेबाई माझ्या कानात म्हणाल्या, "किती सराव करतात बघा." मग साहेबांनी मारला. चेंडू जागेवर आणि ढेकूळ पुढे. हे धावत गेले, ढेकूळ उचलून आणलं, जागेवर बसवलं, टाचेने दाबलं आणि पाणी मागितलं. पुढे तेच. साहेब उडवायचे, हे बसवायचे. चेंडूकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

झेंड्याजवळचं गवत अगदी बारीक, मऊ, भाताची रोपं वाढवतो त्या दाढीच्या वाफ्यासारखं. आपल्याकडे दाढीत चपला घालून कोण शिरतं? यांनी काठावर बूट काढले. खेळाडूच काढतोय म्हटल्यावर साहेबांनीही काढले, मोजेसुद्धा. आम्ही दोघींनीही चपला काढल्या. तिकडून शिट्टी फुंकत नोकर धावत आला, तेव्हा आम्ही चौघं अनवाणी, देवळात उभं राहावं तसे झेंड्याभोवती उभे होतो.

तिथंच हे बेंडाळेसाहेबांना म्हणाले, "साहेब, मी खेळनारा नाय. मी क्लबात माळी हाय. गवत कापतो."

मला वाटलं जमीन दुभंगावी, पण ती बुजवायला पुन्हा यांनाच लागलं असतं. बेंडाळेसाहेब मात्र तिथल्या तिथे खाली बसले आणि हातमोजा काढला. म्हणाले, "सुटलो रे बाबा. रात्रभर झोप नाही. माझं फरशीचं दुकान आहे. जास्त माल विकला म्हणून कंपनीने पाठवलंय. काठी आज पहिल्यांदा धरली." बाईंनी टोपी काढून वारा घेतला. नंतरचे दोन दिवस ते दोघं आणि आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवलो, आणि तुझी चटणी तिथेच संपली.

पण त्या सकाळी परत येताना हे अनवाणीच चालत होते. बूट हातात तसेच. वाटेत म्हणाले, "डोळखांबला शाळेत विचारतील, नवरा काय करतो. तिथं पन क्लबातले हायेत सांगशील?"

आत्या, मी बी.ए. आहे, वक्तृत्वात बक्षीस आहे, मला एक शब्द सुचला नाही. मग माझाच राग येऊन मी यांच्यावर रागावले. म्हणाले, तुम्हाला मी जायला नको आहे, म्हणून महिनाभर नुसतं बरं-बरं करता. तर म्हणाले, "तू विचारलंस कधी? भाषन केलंस. मी शेवटपर्यंत वाट बघितली, भाषनात प्रश्नच नव्हता. टाळ्या वाजवू होय?"

तेव्हा मी विचारलं. दोन शब्दांत. जाऊ का?

हे म्हणाले, "जा. शाळा सोडू नको. पन तिकडे मास्तर लोकांत बसायला लागलीस की मला लपवू नको. बाकी भाकरी मी थापतो, आबांना पन घालतो."

असं आहे. बोलला तो. उद्या सकाळच्या गाडीने मी हजर व्हायला निघते, हे पोचवायला येणार आहेत. तुझ्या गुडघ्याला तेल लाव, कुणाला तरी लावायला सांग.

तुझीच,
रत्ना

ता. क. : एक विनंती आहे, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. दर रविवारी मी डोळखांबहून आणि हे मुरबाडहून तुझ्याकडे आटगावला येऊन भेटायचं ठरवलंय. जेवण मी करीन. पण आमच्या लग्नात तू प्रेमाकाकूंना सांगितलं होतंस की जावई क्लबात साहेब आहेत. काकू तेव्हापासून भाच्याला क्लबात चिकटवायचं बघतायत. रविवारच्या आत तू स्वतः त्यांना खरं सांग. मला सांगायला लावू नको, मी भाषण करीन.

ता. क. २ (बुधवार) : गडबडीत पत्र टाकायचं राहून गेलं, ते आता डोळखांबहून टाकते. हजर झाले. हेडमास्तरांनी पहिलाच प्रश्न तोच विचारला, मिस्टर काय करतात. मी मान वर करून, साऱ्या शिक्षकांसमोर सांगितलं, "गोल्फ क्लबात माळी आहेत, गवत कापतात." हे बाजूलाच माझी पत्र्याची पेटी धरून उभे होते. लगेच म्हणाले, "हेड माळी."

क्लबात माळी तिघं आहेत, हेड कुणीच नाही. तू प्रेमाकाकूंना हेडच सांग.