तुझ्या सोन्याच्या दाताचं सिमेंट

आई, आज नाशिक रोडच्या दवाखान्यात दाताच्या खुर्चीत आ करून बसले होते आणि लवंगेचा वास आला. माझी खालची एक दाढ मागे काढली, तिथे आता ब्रिज बसवायचाय. आजूबाजूचे दोन दात घासून त्यांवर टोप्या, मधे खोटी दाढ. डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाच्या. तात्पुरत्या टोप्यांसाठी त्यांनी मलमासारखं काहीतरी कालवलं आणि तू दिसलीस, दिंडोरीकडच्या मळ्यात झेंडू खुडताना हसणारी, डावीकडे सोन्याचा दात चमकणारी.

सगळे त्याला तुझी हौस म्हणायचे. तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "हौस कसली? मेल्यावर तोंडात सोनं घालाया धावाधाव करत्यात. माझं आधीच घातलेलं हाय, तुमचा खर्च वाचला!" मावशी म्हणायची, "मग तुळशीपत्रबी आत्ताच चघळून घे की." दोघी हसत बसायच्या आणि तव्यावर भाकरी करपायची.

दातावर ती सोन्याची टोपी बसवताना तुझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हे लवंगेच्या तेलाचं सिमेंट कच्चं आहे, दुखलं नाही तर आठवड्याने काढून पक्कं लावू. पण दसरा तोंडावर आला होता, फुलं कोण सोडणार? मग दिवाळी आली. तू गेलीच नाहीस. टोपी निघाली की कणकेनं चिकटवायचीस. मी माहेरी आले असताना ते पाहिलं आणि ओरडले, "आई, कणकेनं?" तू म्हणालीस, "तव्याला चिकटती, मग दाताला का नाय?"

तू झोपेतच गेलीस. भटजी म्हणाले, "मुखात सोनं घाला." दादा म्हणाला, "तिच्या तोंडात आहेच." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मावशी तर रडता रडता हसली. गंगाजळ घातलं, तुळशीपत्र ठेवलं. मिटलेले ओठ कुणी उघडून बघितले नाहीत. सुतकात देवाला कुणी शिवलं नाही. सुतक फिटल्यावर देव्हारा पुसायला घेतला, तर अन्नपूर्णेशेजारच्या करंड्यात, कुंकवावर तुझी टोपी. आत वाळलेली कणीक. तेव्हा कळलं, झोपेत गिळली जाईल म्हणून रोज रात्री काढून देवापाशी ठेवत होतीस. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तूच ठेव."

आज डॉक्टरीणबाईंना मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यात जास्त टिकेल असं सिमेंट कोणतं? त्यांनी समजावलं. एक जुनं, पावडर आणि पातळ द्रव कालवून करायचं. वर्षानुवर्षं चालत आलेलं, पण लावताना दाताला झिणझिण्या येतात. दुसरं दाताला धरून बसतं, कीड लागू नये म्हणून त्यातून थोडं औषध झिरपतं, मात्र लावताना थुंकी लागता कामा नये. तिसरं सगळ्यात घट्ट. घासलेला दात आखूड असला की तेच लागतं, पण नंतर टोपी काढायची तर बहुतेक कापावीच लागते. मी म्हटलं, तेच लावा. त्या हसल्या. "काकू, घट्ट तेच चांगलं असं नसतं. तुमचे दात चांगले उंच आहेत, टोपी नीट धरतील. दुसरं पुरेल. उद्या आतून दुखलं तर उघडता यायला नको का? विचार करून गुरुवारी सांगा."

मी घट्टच हवं म्हणाले ते तुझ्यामुळे. तुझं पक्कं केलेलं असतं तर तू सोनं घेऊन गेली असतीस, हे इतकी वर्षं मनात कुरतडत होतं. घरी येऊन देवासमोर बसले, करंडा उघडला. टोपीच्या आत तुझ्या दाताचा आकार अजून आहे, कडेला कणकेचा कण. रामकुंडावर सोडायला कितीदा नेली आणि पदराच्या गाठीत तशीच परत आणली. पुण्य-पाप देव बघेल. गुरुवारी ते दुसरं, उघडता येणारंच लावा म्हणून सांगणार आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून करंड्याखाली ठेवते. आणि आई, देवासमोर खोटं कशाला बोलू? तू सोन्याशिवाय गेलीस याचं मला वाईट वाटायला हवं. पण टोपी मागे राहिली, याचंच बरं वाटतं.